बिनखिळ्याचं घर

१

हिरा सिस्टर गुरुवारी सकाळी गेली, आणि तिला मेहरुन सिस्टरनं मारलं हे लोणावळ्याच्या भांगरवाडीनं दुपारच्या आत ठरवूनही टाकलं. मुद्दाम मारलं असं कुणी म्हणालं नाही, तेवढी माणुसकी लोकांनी दाखवली. "वय झालं हो, चुकून झालं," असं म्हणत एकेक जण चपला घालून निघून गेला. चुकून! त्या एका शब्दानं मेहरुनच्या अंगाची लाही लाही झाली.

दोघी लोणावळ्यात एकाच इस्पितळात नर्स होत्या. हिरा वडिवळ्याच्या ओव्हाळांची, मेहरुन इथल्याच तांबोळ्यांची. एकीनं लग्न केलं नाही, दुसरीचा नवरा लवकर गेला. निवृत्तीनंतर दोघींनी मिळून बजरंग शेठची तळमजल्यावरची जागा भाड्यानं घेतली. बजरंगची अट पहिल्या दिवसापासून एकच होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि वायरिंगला हात लावायचा नाही. गीझर मागितला तर म्हणाला, "भिंत फोडावी लागंल. न्हाई जमायचं."

पुढं मेहरुनचे गुडघे गेले. उठून दिव्याचं बटण दाबणंही जिवावर यायला लागलं. तेव्हा तिचा भाचा इर्शाद, वायरमन, मदतीला आला आणि एकही खिळा न ठोकता त्यानं सगळं घर तिच्या फोनवर आणून ठेवलं. बाहेरच्या खोलीतल्या बटणाशेजारी चिकटपट्टीनं एक डबी बसवली. फोनवरून सांगितलं की तिचं प्लॅस्टिकचं बोट बटण दाबायचं. खिडकीच्या दांडीवर पडदा ओढणारं यंत्र अडकवलं. मेहरुनच्या उशाशी टेबललॅम्प होता, त्यात फोनचं ऐकणारा बल्ब बसवला. आणि न्हाणीबाहेरच्या सॉकेटात एक जाडा प्लग खोचून त्यात पाणी तापवायचा रॉड जोडला. घर सोडताना सगळं उपटायचं, पिशवीत भरायचं आणि चालू लागायचं. बजरंगनं येऊन भिंती चाचपून पाहिल्या आणि तोंड वाकडं करून परत गेला. हिरा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "या, आमचं बिनखिळ्याचं घर बघा."

सकाळचं पाणी दोघी मिळून काढत. मेहरुन पलंगावरून रॉड चालू करायची. रॉड जुना होता, मधूनच चावायचा, म्हणून तो बंद झाल्याशिवाय बादलीत हात घालायचा नाही असा नियम होता. मेहरुनला कमी ऐकू यायचं, तेव्हा हिरा हाक मारायच्या भानगडीत पडायची नाही. मेहरुनचं उसं न्हाणीच्या भिंतीला होतं. पाणी तापलं की हिरा हातातला पाण्याचा मग त्या भिंतीवर दोनदा ठोकायची, ते पलंगाच्या लाकडातून मेहरुनच्या पाठीला कळायचं आणि ती रॉड बंद करायची. फक्त गुरुवारची गोष्ट वेगळी. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, ती दुपारपर्यंत येत नाही. लाईट गेली की हिरा काही ठोकायची नाही. आधी रॉड हातानं बाहेर काढायची आणि मग घरभर फिरून एकेक बटण बंद करायची.

त्या सकाळी मेहरुन हातात तसबीची माळ घेऊन पडली होती. थंडीचे दिवस, पंखा बंद, पडदा ओढलेला. भिंत अजून वाजली नव्हती. अचानक उशाचा लॅम्प लखकन लागला. दिवसाढवळ्या कशाला, म्हणून तिनं फोनवर बोट ठेवलं. फोन ऐकेना. मग लॅम्पचंच बटण दाबून तिनं तो विझवला, आणि पलीकडं बादली आडवी झाली. मेहरुननं फोनवर रॉड बंद केला, पुन्हा केला, पुन्हा केला. फोन नुसता गरगर चकली फिरवत राहिला. वॉकर ओढत ती न्हाणीपर्यंत पोहोचली तर वरच्या मजल्यावरचा संदेश आधीच आत आलेला होता. त्यानं भिंतीवरचं बटण पाडलं होतं. हिरा फरशीवर पडली होती, आणि आयुष्यभर माणसं पाहिलेल्या मेहरुनला नाडी बघायची गरज पडली नाही.

लॅम्पचं तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर म्हातारीनं रॉडऐवजी भलतंच बटण दाबलं असं म्हणतील, ही भीती तिला तेवढ्यातही वाटली.

२

फौजदार सज्जन माणूस होता. बाहेरच्या खोलीत बसून त्यानं सगळ्यांदेखत विचारपूस केली. बजरंग होता, वडिवळ्याहून धावत आलेला हिराचा पुतण्या आकाश होता, इर्शाद होता.

संदेश रडवेला झाला होता. बजरंगचीच वरची जागा भाड्यानं घेऊन तो शनिवार-रविवारच्या पर्यटकांना द्यायचा. माणूस गोड. पर्यटकांनी मागं ठेवलेले चिक्कीचे डबे दोघींना आणून द्यायचा, गोळ्या-औषधं आणायचा, हिराच्या हातचे पोहे खायला हक्कानं बसायचा.

"साहेब, मला सांगायला जड जातंय," तो म्हणाला. "मी वर गाद्या घालत होतो. हिरा सिस्टरनी हाक मारलेली मी ऐकली. 'मेहरुन, बंद कर' म्हणून. सिस्टरनी बंदच केलं असणार हो, पण बटण चुकलं. रॉड बंद व्हायच्या ऐवजी यांचा उशाचा लॅम्प लागला. आणि तेवढ्यात तिकडं हिरा सिस्टरनी हात घातला. यात कुणाचा दोष नाही."

लॅम्प लागला होता, हे खरं होतं. म्हणजे मेहरुनचंच बोट चुकलं का? हिरानं हाक मारली आणि आपल्याला ऐकू आली नाही का? पुढं कितीतरी वेळ फौजदार काय विचारत होता ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही.

आकाश उठून उभा राहिला. लहानपणी वडिवळ्याहून येऊन तो याच दोघींकडे सुट्टीला राहायचा, मेहरुनच्या हातचा शिरखुर्मा खायचा.

"मेहरुनमावशी, तुमी मुद्दाम न्हाई केलं, म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "पर आत्याच्या पुण्यानुमोदनाला तुमी वडिवळ्याला येऊ नका. लोकं बोलत्याल. मलाबी तुमच्याकडं बघवायचं न्हाई."

बाकी कुणीही काहीही बोललं असतं तरी मेहरुननं सोसलं असतं. हे शब्द मात्र तिच्या काळजात रुतले. हिराच्या शेवटच्या वंदनेला हिराच्या घरात मेहरुन नको! माणसं गेल्यावर ती पलंगावर बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसताना तिचा हात भिंतीला लागला आणि ती थबकली.

'मेहरुन, बंद कर.' हिरा असं कधी म्हणाली होती? या घरात एकदा तरी?

भिंत वाजली नव्हती, हे मेहरुनच्या पाठीला पक्कं ठाऊक होतं. मग संदेशनं ऐकली ती हाक कुणाची?

३

आता रडणं संपलं आणि राग सुरू झाला. मेहरुनचा राग इस्पितळात प्रसिद्ध होता. चुकीचं इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला तिनं एकदा पेशंटसमोर माफी मागायला लावली होती. तिनं स्वतःशी ठरवलं की हिराला ज्यानं मारलं असेल त्याला आपण सोडणार नाही. तो मनुष्य असेल तर त्याला हिराला जसं वाटलं तसं वाटायला लावायचं. आणि आपलंच बोट असेल, तर आकाशच्या पायाशी जाऊन बसायचं.

तिनं आधी घरातल्याच माणसाला धरलं. इर्शाद दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला, तसं तिनं विचारलं, "त्या वेळी तू कुठं होतास?"

"फुफी! माझ्यावर संशय?"

"तुझा प्लग, तुझा बल्ब. तुझ्यापासूनच सुरुवात. बोल."

"लोहगडवाडीला. स्टॉलवाल्यांचा फ्रीज बिघडला होता. तिथंच मला फोन आला, विचार सगळ्यांना." तो दुखावला होता, पण तिनं समजूत काढली नाही. समजुती काढायला तिला वेळ नव्हता.

मग तिनं बजरंगला बोलावलं. बजरंगवर तर सगळ्या आळीचा डोळा होता. जागा रिकामी करून घ्यायला तो किती दिवस टपला होता. दिवाळीत त्यानं जिन्याखालच्या मीटरच्या कपाटात जाऊन दोघींची लाईट तोडायचा डाव केला होता, पण खटका चुकला आणि वरच्या मजल्याची लाईट गेली. डोक्याला शाम्पू लावलेले पर्यटक टॉवेल गुंडाळून शिव्या देत खाली आले होते. पुन्हा चूक नको म्हणून संदेशनं मग आपल्या खटक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला.

"बजरंग शेठ, गुरुवारी पुन्हा कपाटात हात घातलात का?"

"आईची शप्पथ न्हाई, सिस्टर!" बजरंगनं कानाला हात लावले. "मी समोर अंबूबाईच्या गिरणीत व्हतो. मी वाईट हाय, तुमाला काढायचंबी व्हतं. पर त्ये कायद्यानं. आता जागा तशीबी संदेशला द्यायची ठरलीय."

"कधी ठरलं?"

"लय दिस मागं लागलाय त्यो. जिना नको म्हणणारी गिऱ्हाइकं येत्यात त्याच्याकडं. मी म्हणलं, सिस्टर गेल्याबिगर कशी देऊ?" तोंडातून काय निघालं ते कळून बजरंगनं जीभ चावली.

सिस्टर गेल्याबिगर. मेहरुननं ते शब्द मनात ठेवून दिले. पण रागानं पुरावा होत नाही, हे तिला कळत होतं. जागा हवी असणं हा काही गुन्हा नाही. आणि लॅम्प तर खरोखरच लागला होता.

समोरच्या गिरणीतली अंबूबाई संध्याकाळी पिठाचे हात पुसत भेटायला आली. बाई तोंडाची फटकळ, पण रोज येऊन बसणारी ती एकटीच उरली होती.

"बजरंग व्हता की माझ्याकडं," ती म्हणाली. "गव्हाच्या पोत्यावर बसून राजकारण सांगत व्हता. बादली पडल्याली ऐकून आमी दोघं संगटच पळालो."

"गिरणीच्या आवाजात ऐकू कशी आली बादली?"

"नेमका तवाच पट्टा निसटून गिरणी थांबली, म्हनून. त्याच्याआधी सारखी घरघर चालूच व्हती. आमचंच आमाला ऐकू येत नव्हतं."

मेहरुनच्या कपाळाला आठी पडली. "अंबूबाई, गुरुवार होता. त्या वेळी तर लाईट जाते. मग गिरणी कशी चालली?"

"लाईट गेलीच न्हाई त्या बेस्तरवारी! बारावीची परीक्षा हाय न्हवं. परीक्षा सरंस्तवर दुरुस्ती न्हाई, असं वायरमन गिरणीत मला सांगून गेलता. मी तर खूश झाले, आठवड्याचं दळण काढलं."

म्हणजे गिरणी घरघरत असताना, दोन भिंती आणि एक मजला ओलांडून, न मारलेली हाक संदेशला ऐकू गेली होती. मेहरुननं अंबूबाईचा पिठाळ हात गच्च धरला.

४

तिनं इर्शादला परत बोलावलं आणि या वेळी लॅम्पचंही सांगून टाकलं. तो लागला कसा, फोन ऐकेनासा का झाला, सगळं.

इर्शाद ऐकता ऐकता उभाच राहिला. त्यानं लॅम्पचं बटण चालू केलं, फोनवरून बल्ब विझवला, मग पिन सॉकेटातून काढली आणि परत खोचली. लॅम्प आपोआप लखकन लागला.

"हे बल्ब असेच असतात, फुफी. लाईट जाऊन आली की स्वतःहून पेटतात. बोट लावावं लागत नाही."

"मग दर गुरुवारी का नाही पेटला?"

"हिराखाला लाईट गेली की सगळी बटणं बंद करत फिरायची ना! लॅम्पचंही करायची. या वेळी ती तिथपर्यंत पोहोचलीच नाही. आणि फोन ऐकेना, कारण इंटरनेटचा डबा लाईट आल्यावर उठायला वेळ घेतो. तोवर घर बहिरं. तुझं बोट चुकलेलं नाही, फुफी. चुकीचं बटण दाबायचं म्हटलं तरी फोन चालायला हवा ना!"

"आणि तो जाडा प्लग?"

"तो लाईट जाताना चालू असेल तर आल्यावर चालूच राहतो."

मेहरुन भिंतीला टेकून बसली. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर पडत गेली. आळीत लाईट होती, गिरणी चालू होती. गेली ती फक्त या घराची, आणि लगेच आली. म्हणजे कुणीतरी जिन्याखाली उभं राहून खटका पाडला आणि वर केला. न्हाणीतला दिवा गेलेला पाहून हिराला वाटलं, गुरुवार आहे, दुपारपर्यंत निश्चिंती. भिंत ठोकायचं कारणच नव्हतं. तिनं नेहमीसारखा रॉड काढायला हात घातला.

"इर्शाद, जरा उठ. माझा लॅम्प लागलेला कुठून कुठून दिसतो, फिरून बघून ये. पडदा ओढलेलाच राहू दे."

तो रस्त्यावर गेला, जिन्यावर गेला, वरच्या गॅलरीत उभा राहून वाकला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"कुठूनच दिसत नाही. फक्त वरच्या झरोक्यातून उजेड दिसतो, आणि तो झरोका जिन्याखाली उघडतो. मीटरच्या कपाटासमोर. न्हाणीचा झरोकाही तिथंच आहे, फुफी. आतली बादली वाजली की तिथं स्पष्ट ऐकू येते."

लॅम्प लागला होता तो क्षणभरच. तिनं स्वतः विझवला होता, आणि बादली पडल्यावर माणसं आली तेव्हा तो बंद होता. तिनं त्याबद्दल जिवंत माणसाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तरीही वर गाद्या घालणाऱ्या संदेशला तो ठाऊक होता.

"पोलिसांत जाऊ या," इर्शाद म्हणाला.

"जाऊन काय सांगू? म्हातारी म्हणते लॅम्प लागला? तो म्हणेल मी अंदाजानं बोललो." मेहरुनचे डोळे कोरडे होते. "तो त्याच्या तोंडानं बोलला पाहिजे. आकाशसमोर. तू मला एक रॉड आणून दे. जुना."

"जुना कशाला?"

"नवा बघून तो घाबरायचा नाही."

इर्शादनं तिच्याकडे पाहिलं. "आणीन. पण तुझ्या हातानं प्लग आधी काढून ठेवायचा. माझी शपथ."

"बरं," मेहरुन म्हणाली.

५

पुढच्या गुरुवारी तिनं निरोप धाडले की ती जागा सोडते आहे. आकाशला सांगितलं, आत्याच्या वस्तू घेऊन जा. बजरंगला सांगितलं, भिंती तपासून घ्या. संदेशला सांगितलं, किल्ली घ्यायला ये. संदेश सगळ्यात आधी आला, तोही चिक्कीचा डबा घेऊन.

"एवढी घाई नव्हती हो, सिस्टर," तो म्हणाला.

अंबूबाई गिरणी बंद करून कोपऱ्यात बसली होती. न्हाणीच्या उंबऱ्यात बादली होती, तिच्यात रॉड, आणि वर जाड्या प्लगचा बारीक दिवा जळत होता. निघण्याआधी फरशी गरम पाण्यानं पुसायची आहे, असं मेहरुननं सांगितलं. तिनं सगळ्यांना चहा दिला. आकाशनं कप हातात धरला, पण प्याला नाही.

तेवढ्यात न्हाणीतला दिवा गेला. प्लगचा दिवाही विझला.

"बेस्तरवार," अंबूबाई म्हणाली. तिला जेवढं सांगितलं होतं तेवढंच ती बोलली.

"गेली का? मग आता दुपारपर्यंत येत नाही," मेहरुन म्हणाली. "संदेश, माझे गुडघे असे. तेवढा रॉड काढून ठेव बाबा. हिरा काढायची तसा. तू पाहिलंयस की, पोहे खायला बसायचास तेव्हा."

संदेशनं कप खाली ठेवला, पण तो जागचा हलला नाही. "राहू दे की सिस्टर. नंतर काढू."

"द्या हिकडं, त्यात काय!" बजरंग उठला. लाईट गेल्यावर मावळातला कुठलाही माणूस करेल तेच त्यानं केलं. बेधडक बादलीत हात घातला, रॉड वर उचलला आणि विचारलं, "कुटं ठेवू?"

संदेश पांढराफटक पडला होता. तो बादलीकडं बघत नव्हता, बजरंगकडंही नाही. तो वरच्या झरोक्याकडं बघत होता.

"पुन्हा आत सोडा, शेठ," मेहरुन म्हणाली. "मला संदेशच्याच हातनं काढायचाय."

"सिस्टर, प्लग चालू असेल..."

"असू दे. लाईट कुठंय?"

"येईल ना आत्ता!"

"गुरुवारी? कशी येईल?" मेहरुन वॉकरला धरून उभी राहिली. "बजरंग शेठना वाटलं नाही येईल म्हणून. या आळीत कुणालाच वाटणार नाही. तुलाच कसं वाटलं रे?"

आकाशनं मान वर केली. आता मेहरुन थांबली नाही. हिरा हाक मारत नव्हती, भिंत ठोकायची, हे तिनं सांगितलं. गिरणीची घरघर सांगितली. आपोआप लागणारा बल्ब, बहिरा झालेला फोन, जिन्याखालचा झरोका, सगळं एकामागून एक त्याच्यासमोर मांडलं.

"माझा लॅम्प लागलेला दोघांनीच पाहिला. एक मी. दुसरा तो, जो त्या क्षणी मीटरच्या खटक्याला हात लावून उभा होता."

"खोटं आहे! मी वरच होतो."

"मग घाल हात." ती जवळ आली. "तू काही केलं नसशील तर ही नुसती पाण्याची बादली आहे. बजरंग शेठनी आत्ता घातला, काही झालं का?"

आकाश दाराला पाठ लावून उभा राहिला. कुणी संदेशला हात लावला नाही, पण कुणी वाटही दिली नाही. संदेशनं सगळ्यांकडं पाहिलं, उसनं हसला, उकिडवा बसला आणि पाण्यात बोटं बुडवली.

"मनगटापर्यंत," मेहरुन म्हणाली. "हिराचा हात तेवढा होता."

हात आत गेला. मग मेहरुननं पदराखालचा फोन वर काढला.

"इर्शाद जिन्याखाली मीटरपाशी उभा आहे. मी एक मिस्ड कॉल दिला की तो खटका वर करणार. हे बघ त्याचं नाव. आणि हा माझा अंगठा. या अंगठ्यानं हिराला मारलं असं तू सगळ्या गावाला सांगितलंस ना?"

संदेश किंचाळला. बादलीतून हात ओढून तो मागच्या मागं भिंतीवर आदळला. "नका! नका सांगू त्याला! मी मुद्दाम नाही केलं! घाबरवायचं होतं फक्त. सारखी लाईट गेली की कंटाळून जातील म्हणून... मी आधीही दोनदा केलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं!"

"तेव्हा तू बादली वाजायची वाट बघितली नव्हतीस." मेहरुनचा आवाज चढलाही नाही. "या वेळी तू झरोक्याखाली कान देऊन उभा राहिलास. बादलीची कडी वाजली, आणि तू खटका वर केलास. बोल. नाहीतर अंगठा ठेवते."

संदेश हातात तोंड लपवून रडायला लागला. "ऐकली मी कडी," तो म्हणाला. "ऐकली."

६

संदेशला बजरंग आणि आकाश पोलिसांत घेऊन गेले. अंबूबाईही मागोमाग गेली, साक्ष सांगायला.

निघण्याआधी आकाश मेहरुनच्या पायाशी वाकला होता. "मावशी, चला वडिवळ्याला. मी गाडी करून नेतो तुमाला."

"येईन," मेहरुन म्हणाली. "पण जेवढ्या लोकांसमोर मला येऊ नको म्हणालास, तेवढ्या लोकांसमोर आधी सांगायचं, की माझ्या मावशीच्या बोटानं आत्या गेली नाही. चुकूनसुद्धा नाही. मोठ्यानं सांगायचं. मला कमी ऐकू येतं."

"सांगीन," तो म्हणाला, आणि डोळे पुसत गेला.

घर रिकामं झालं. इर्शादनं जिन्याखाली खटका वर केला आणि हात झटकत आत आला. न्हाणीचा दिवा लागला होता. उंबऱ्यातल्या बादलीपाशी येऊन तो एकदम थांबला. पाणी गुणगुणत होतं. रॉडच्या वेटोळ्याभोवती बारीक बुडबुडे धरायला लागले होते, आणि सॉकेटातल्या जाड्या प्लगचा दिवा जळत होता.

त्यानं घाईनं भिंतीवरचं बटण पाडलं. मग तो मेहरुनकडं वळला.

"फुफी, प्लग काढून ठेवायचं ठरलं होतं ना?"

मेहरुन पलंगावर बसून गुडघे चोळत होती. "ठरलं होतं."

"हा रॉड मी भंगारातून आणला होता. हा झटका देतो. मी तुला सांगितलं होतं, देतो म्हणून!"

"म्हणून तर जुना मागितला."

"तुझा कॉल आला असता तर मी खटका वर केला असता. मला वाटत होतं प्लग काढलेला आहे. आणि तो बोललाच नसता तर?"

मेहरुननं गुडघ्यावरचा हात काढला आणि भाच्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"तर दिला असता," ती म्हणाली.